शिखर क्लासेसची हिवताप-खबरदारी

ज्या गोष्टीचे माणसाला संपूर्ण ज्ञान असते, ती गोष्ट त्याचे काही वाकडे करू शकत नाही, असे लातूर शहरात मानले जाते. ते बरोबरच असले पाहिजे. नाहीतर एवढे क्लास चालले नसते.

शिखर बायोलॉजी क्लासेसचे संस्थापक रेणुकादास सर यांना हिवतापाचे असे संपूर्ण ज्ञान होते. भूकंपानंतर लोक स्लॅबखाली बसायला घाबरत, तेव्हा सरांनी पत्र्याच्या शेडमध्ये क्लास काढला. पुढे मुले इतकी वाढली, की लोकांची भीती गेली आणि सर तीन मजली स्लॅबखाली गेले. मलेरियाच्या परजीवीचे जीवनचक्र ते फळ्याकडे न बघता काढत. क्लासच्या अंतर्गत पाहणीनुसार शंभरातल्या सत्त्याण्णव विद्यार्थ्यांना डासाच्या पोटात काय चालते हे ठाऊक होते. (उरलेले तीन त्या दिवशी गैरहजर होते.)

समोरच्या क्लासने निकालाचे पेढे हत्तीवरून वाटले, तेव्हा सरांपुढे दुसरा मार्ग उरला नाही. आफ्रिकेतल्या किलिमांजारो पर्वतावर चढायचे आणि माथ्यावर क्लासचा बॅनर फडकवायचा, असे त्यांनी जाहीर केले. सरावासाठी ते औशाला आणि कंधारला जाऊन आले. दोन्ही किल्ले भुईकोट असल्याने चढायला फारसे काही नव्हते, म्हणून सर भोवतीने फिरले.

"अहो, तिकडं डास लई असतात म्हणे," सौदामिनीबाई म्हणाल्या.

"डासांचं मला सांगती का? मी आयुष्यभर तेच शिकवून राहिलो."

तरीही खबरदारी समिती नेमण्यात आली. सर अध्यक्ष, सौदामिनीबाई सदस्य, आणि भोकरचे मेहुणे शेषेराव निमंत्रित. समितीने मच्छरदाणी, मलम आणि लांब बाह्यांचे शर्ट मंजूर केले. घरच्या कूलरमधल्या अळ्यांचा विषय निघाला. पण त्या प्रात्यक्षिकासाठी राखीव असल्याने त्यांना हात लावू नये, असे ठरले.

गोळ्या शेजारच्या डॉक्टर मुज्तबांनी दिल्या. "सर, दर रविवारी एक. जायच्या आधी सुरू करायची, अन् परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची. तेवढं सोडू नका."

"डॉक्टर, पाठ आहे मला," सर प्रेमाने म्हणाले. रविवारी क्लासची टेस्टही असे, त्यामुळे विसरण्याचा प्रश्न नव्हता.

प्रवासात सरांनी शिस्त पाळली ती बघण्यासारखी होती. पर्वतावर जसजसे वर जावे तसतसे डास संपतात. सरांची मच्छरदाणी मात्र वर वरच गेली. बर्फाजवळच्या मुक्कामात, जिथे माशीसुद्धा जगत नाही, तिथे त्यांनी तंबूच्या आत ती बांधली. बरोबरच्या परदेशी मंडळींनी तिचे फोटो काढले. माथ्यावर बॅनर फडकला. उलट्या वाऱ्यामुळे फोटोत 'शिखर' हा शब्द दुमडला गेला आणि फक्त 'प्रवेश सुरू' एवढेच वाचता आले. पण महत्त्वाचे तेच होते.

खाली उतरल्यावर पायथ्याच्या गावात रात्री सत्कार-भोजन झाले. मोहीम फत्ते झालेली असल्याने सर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बाहेर अंगणात बसले, मलम खोलीत राहिले, आणि आफ्रिकेतल्या डासांनी आपला वाटा उचलला.

लातूरला आल्यावर उरलेल्या गोळ्यांचा प्रश्न आला. सर म्हणाले, "डास तिकडं राहिले. आता कशाच्या गोळ्या?" तेवढ्यात शेषेरावांनी आपले जुने अंगदुखणे काढले आणि फॉरेनची गोळी मागितली. (गोळी लातूरचीच होती, पण ती फॉरेन बघून आलेली होती.) सरांनी अख्खी पट्टी मेहुण्याच्या हातात ठेवली. शेषेरावांना त्या गोळीने चक्कर आली, त्यावरून औषध भारी आहे अशी त्यांची खात्री पटली.

पुढे सत्कार सुरू झाले. कंधारच्या कार्यक्रमात सर बर्फाचे वर्णन करत असताना हुडहुडायला लागले. दात वाजू लागले, माईक हातात थरथरला. अभिनय पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयोजकांनी त्यांच्या अंगावर एक शाल घातली, मग दुसरी, मग उपस्थित मान्यवरांसाठी आणलेल्याही घातल्या. सर थांबेनात, टाळ्याही थांबेनात. सौदामिनीबाई पहिल्या रांगेतून उठल्या, स्टेजवर गेल्या, नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि माईकवरच म्हणाल्या, "टाळ्या बंद करा हो. माणूस तापानं भाजून राहिलाय."

जीपमध्ये सरांना आपले नाव नीट सांगता येईना. बाईंनी लातूर येईपर्यंत त्यांचे डोके मांडीवर धरून ठेवले. रक्ताच्या तपासात मलेरियाचा सगळ्यात वाईट प्रकार निघाला. दोन दिवस डॉक्टर मुज्तबा बाईंच्या नजरेला नजर देत नव्हते. तिसऱ्या दिवशी सरांनी डोळे उघडले.

"सर, परजीवी आधी कुठं लपतात?" डॉक्टरांनी विचारले.

"यकृतात," सर पुटपुटले. "मग रक्तात येतात."

"म्हणजे ठाऊक होतं. मग गोळी का सोडली?"

सरांचे डोळे भरून आले. "हा प्रश्न परीक्षेला कधी येत न्हाई, डॉक्टर."

सौदामिनीबाई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू फुटले.

सर बरे झाले. त्या वर्षी क्लासच्या जाहिरातीत 'मलेरियाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले लातूरमधील एकमेव सर' अशी ओळ आली आणि एक तुकडी वाढवावी लागली.

वाचक शहाणे असल्याने ते सरांना हसले असतील, आणि ते योग्यच आहे. फक्त हसून झाल्यावर त्यांनी आपल्या घरातला औषधांचा डबा एकदा उघडावा. 'आता बरं वाटतंय' म्हणून मागे घशाच्या दुखण्यात निम्म्यावर सोडलेली पट्टी तळाशी असेल. ती ठेवून द्यावी. पाहुण्यांना लागते.