टाक्यातले नऊ ठोकळे

फिजा उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटंजीला आली ती ठोकळे ओतायला. आईबापाला भेटणं त्यातच उरकणार होतं. अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिला दाखवायचं होतं, काँक्रीट जास्त मजबूत कसं करता येतं ते. तीन ठोकळे साधे, तीन थर्मल वीजकेंद्रातली राख घातलेले आणि तीन राखेबरोबर बारीक प्लास्टिकचे धागे घातलेले. प्रत्येकावर तिने रंगाने खूण केली आणि ते अंगणातल्या टाक्यात बुडवले. अठ्ठावीस दिवस भिजले की ती ते घेऊन परत जाणार होती.

"धागाच पायजे ना? मंग कापूस टाक," तिचे अब्बा, हबीब मिस्त्री म्हणाले. "भाव नाही म्हणून घरोघरी पडून हाय."

"सडते तो, अब्बा."

कापूस असा पडून होता, त्यामुळे गावात कोणी घर बांधत नव्हतं आणि मिस्त्री चार महिने रिकामे होते.

टाकं ठोकळ्यांनी अडवलं, म्हणून अम्मी, जैबुनबी, भर उन्हात हापशीवरून हंडे आणू लागली. पण कुरकुर नाही. पोरगी तीन वर्षांत पहिल्यांदा इतके दिवस घरात होती. जैबुनबी एकेक दिवस मोजत होती आणि मेले भराभर संपत होते. सत्ताविसाव्या दिवशी सकाळी तिने सगळे ठोकळे बाहेर काढले आणि तारेच्या ब्रशने खसाखसा घासले.

"अम्मी! हे काय केलं?"

"शेवाळ लागलं होतं ना, बेटा."

"खुना गेल्या सगळ्या! आता कोनता साधा, कोनता राखेचा, कसं समजन? परत ओता लागन. परत अठ्ठावीस दिवस!"

"या अल्ला!" जैबुनबी इतक्या आनंदाने ओरडली की तिला तोंडावर पदर धरावा लागला. मिस्त्रींनी डोळे वटारले आणि ऊन उतरल्यावर ते फावडं घेऊन माल कालवायला गेले.

संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता जैबुनबीला राहवेना.

"बेटा, शेवाळ नव्हतंच. मी जानूनच घासले. तू गेली का हे घर मले खायाले उठते. पन तुझं वर्ष तं नाही ना वाया जात?"

फिजा हसली, पण डोळे भरून आले. "राखेचे काळपट दिसते, अम्मी. धागेवाल्याचे धागे कोपऱ्यावर दिसते. मले तवाच ओळखू आले."

"मंग परत ओता लागन काहून म्हनली?"

"मलेबी नाही जाऊ वाटत. कॉलेज सुरू व्हाले अजून महिना हाय. अब्बाले नको सांगू, बिचारे कालवून राह्यले."

अंगणातला फावड्याचा आवाज थांबला.

"तीस वर्षं झाले मले सिमेंटात," मिस्त्री बाहेरूनच म्हणाले. "सकाळीच ओळखले मी सारे."

जैबुनबीने परत तोंडावर पदर धरला.

"अन् फिजा, राख हळूहळू जोर धरते. अठ्ठावीस दिवसात तिले काय होते? छप्पन ठेवू."