थोरल्या दिरांचं औषध

कुसाबाईनं नवऱ्याला दारूवाचून कोरडा ठेवून नाशिकच्या दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं, तेव्हाच खरं तर तिनं लढाई जिंकली होती. घोटीकडच्या वाडीहून निघालेल्या बैलगाडीत पुढे तिचा थोरला दीर सावळीराम कासरा धरून, मधे नवरा नाथा आणि मागे कुसाबाई पाय खाली सोडून, अशी बसायची व्यवस्था होती. वाटेत दारूचं दुकान आलं की नाथाच्या पोटात कळ यायची. गाडी काही थांबत नाही असं दिसलं की दुकानाबरोबर कळही मागे पडायची.

सावळीरामांनी घरात निक्षून सांगितलं होतं. या खेपेला नाथाची दारू सुटली नाही, तर माघात वाटणी. दोन चुली, दोन खळी. वाटणी झाली तर नाथा आपल्या वाट्याची भातखाचरं दोन वर्षांत पिऊन टाकणार आणि दोन पोरींना घेऊन आपण उघड्यावर येणार, हे कुसाबाईला लख्ख दिसत होतं. सावळीराम माणूस करडा, पण सरळ. जन्मात दारूला शिवले नव्हते आणि जन्मात खोटं बोलले नव्हते, आणि या दोन्ही गोष्टी ते कुणाला विसरू देत नसत.

त्या धर्मार्थ दवाखान्यात त्या आठवड्यात मोठी धांदल होती. तिथल्या डॉक्टर रहेमान यांच्याकडे पुण्याहून डॉक्टरकी शिकणारी चार पोरं आली होती. दारूचा रोगी कसा ओळखायचा आणि कसा बरा करायचा, एवढंच शिकायला. शनिवारी पुण्याचे मोठे डॉक्टर परीक्षेला येणार होते. प्रत्येकानं स्वतः ओळखलेला, स्वतः औषध दिलेला एक रोगी त्यांच्यापुढे उभा करायचा होता. तिघांना रोगी मिळाले होते. चौथा लियाकत. मंगळवार उजाडला तरी त्याची खाट रिकामीच होती.

रहेमानसाहेबांचे धडे मात्र त्यानं घोटून पाठ केले होते. पिणारा कधी पितो म्हणत नाही. विचारलं की चिडतो. फारच धरलं तर दुसऱ्यावर ढकलतो. म्हणून त्याच्या बोलण्याकडे लक्ष न देता सोबतच्या बाईच्या तोंडाकडे बघावं.

नाथा बैलांना पाणी पाजायला मागच्या हौदावर गेला, आणि तेवढ्यात लियाकतनं व्हरांड्यात या दोघांना गाठलं.

"दारूसाठीच आलात ना, बाई?" त्यानं हलक्या आवाजात विचारलं.

कुसाबाईनं पदर पुढे ओढून मान हलवली. थोरल्या दिरांसमोर तोंड उघडायची त्यांच्या घरात रीत नव्हती. सोळा वर्षांत ती त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. काही सांगायचंच झालं तर ती म्हशीला सांगायची आणि ते ऐकायचे. इथं म्हैसही नव्हती.

"किती वर्षं झाली?"

तिनं पदराआडून दोन्ही पंजे उघडून दाखवले. लियाकतचे डोळे चमकले. त्यानं वही उघडली आणि सावळीरामांकडे वळला.

"दादा, दारू किती घेता?"

"म्या?" सावळीराम ताडकन उठले. "आरं, जन्मात बोट लावलं नाय मी."

लियाकतनं लिहिलं : नाकारतो.

"पितो त्यो माझा भाऊ. तिकडं बैलांपाशी हाय."

लियाकतनं लिहिलं : दुसऱ्यावर ढकलतो.

"तू लिवतो काय रं? आण ती वही इकडं, फाडून टाकतो."

लियाकतनं वही पाठीमागे धरून लिहिलं : चिडतो. तिन्ही लक्षणं एका माणसात आली होती, क्रम तेवढा चुकला होता.

कुसाबाईची पंचाईत झाली. बोलावं तर समोर दीर, आणि बोलून सांगायचं ते नवऱ्याचं नाव. तिनं जोरजोरात मान हलवून नाही नाही म्हटलं. बाई मारकुट्या नवऱ्याला भ्यायली आहे, असं लियाकतला वाटलं. "आता भिऊ नका," त्यानं तिला धीर दिला, "आता ते आमच्या ताब्यात आहेत."

दोन दांडग्या नोकरांनी सावळीरामांना आत नेलं. त्यांचं धोतर आणि पागोटं कोठीत कुलपात गेलं आणि अंगात दवाखान्याचा ढगळ लेंगा आला. पळून जायचं तर त्या लेंग्यात घोटीच्या बाजारातून जावं लागलं असतं. त्यापेक्षा खाटेवर बसलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं आणि ते भिंतीकडे तोंड करून बसले.

नाथा बैल बांधून आला, तर खाटेवर भाऊ. काय झालं ते त्याला एका नजरेत कळलं. सुटकेचा असा मोकळा श्वास त्यानं कित्येक वर्षांत घेतला नसेल. लियाकतनं त्याला बाजूला घेऊन भावाची सगळी हकिगत विचारली, आणि नाथाला कंठ फुटला. सकाळी उठल्या उठल्या हात कापतात का, तर कापतात, भाकरीचा तुकडा धरवत नाही. दारू लपवतो कुठं, तर भाताच्या कणगीत, पेंढ्यात, एकदा तर नांगराच्या पोकळ दांडीत. सोडायची शपथ किती वेळा घेतली, तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून चारदा.

"मग वाईट वाटतं का त्यांना?" लियाकतनं विचारलं.

"लय वाटतं, सायेब," तो म्हणाला. "पर त्ये कुणाला सांगनार?"

लियाकतनं सात पानं भरली. एवढी खरी हकिगत आपल्याला कुणी सांगेल असं त्याला वाटलंच नव्हतं. मग त्यानं नियम सांगितला. पुरुषांच्या खोलीत रोग्यापाशी घरचा एक पुरुष चोवीस तास राहील, आणि शनिवारपर्यंत त्याला फाटकाबाहेर जाता येणार नाही. नाथाचं हसू तिथंच मावळलं.

कुसाबाईनं संध्याकाळी परिचारिका सगुणाबाईंना विहिरीपाशी गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. माणूस चुकलाय, ते दीर आहेत, ते पीत नाहीत. सगुणाबाईंनी तिच्या पाठीवरून मायेनं हात फिरवला. दाखल करताना रडणाऱ्या बायका संध्याकाळी येऊन हेच सांगतात, ते पीत नाहीत, सोडा त्यांना. डॉक्टरसाहेबांनी पोरांना हाही धडा दिला आहे, असं म्हणून त्या कळशी उचलून निघून गेल्या.

खोलीत वेगळाच पेच पडला होता. औषध आलं, लियाकतनं ते स्वतः पेल्यात ओतलं, आणि सावळीरामांनी नाकाशी धरून पेला बाजूला सारला. त्याला स्पिरिटचा वास येत होता. नाथाकडे पेला सरकवून ते म्हणाले, "तूच घे. तुला सवय हाय."

नाथाला बाहेर जायची सोय नव्हती, आणि हातांना कापरं सुटलं होतं. त्यानं पेला एका घोटात संपवला. तोंड कडूजार झालं, पण निदान वास तरी ओळखीचा होता. त्या दिवसापासून दिवसातून चारदा असंच चाललं. लियाकत पेला देऊन पुढच्या खाटेकडे वळला की पेलाही एक हात पुढे सरकायचा. नाथाचं कापरं पाहून सगुणाबाईंचा जीव कळवळला. भावाच्या काळजीनं खचलाय बिचारा, म्हणत त्या त्यालाही दूध देऊ लागल्या.

गुरुवारी कुसाबाई आवारातल्या चुलीवर भाजलेल्या भाकरी घेऊन आली आणि खिडकीतून आत बघत राहिली. नाथा भाकरी खात होता. तुकडा हातात धरून, ठेच्यात बुडवून खात होता. दोन खाल्ल्यावर त्यानं तिसरी मागितली. कुसाबाईनं बोटं मोजून पाहिली. तीन दिवस झाले होते, आणि तिचा नवरा शुद्धीत होता.

त्याच दुपारी सगुणाबाईंना काय वाटलं कोण जाणे. त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारलं, "त्या दिवशी म्हणत होतीस ते खरं तर नाही ना गं? पिणारा नक्की कोण?"

कुसाबाईनं पदर हनुवटीपर्यंत ओढला, जमिनीकडे बघितलं आणि एक अक्षर बोलली नाही.

शनिवारी पुण्याचे मोठे डॉक्टर आले. पहिल्या तिघांचे रोगी धड उभेही राहू शकत नव्हते. मग लियाकतनं आपली सात पानं वाचली, आणि मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घालून सावळीरामांना तपासलं. जीभ स्वच्छ, हात स्थिर, पोट मऊ. दहा वर्षं पिणारा माणूस, आणि चार दिवसांत हे?

"असा बरा झालेला रोगी मी आजवर पाहिला नाही," ते म्हणाले. "काय हो, दारू सोडलीत ना?"

"सोडली नाय," सावळीराम म्हणाले.

सगळे चरकले.

"घ्यायचोच नाय, तर सोडनार काय?"

लियाकतचा चेहरा पांढरा पडला. त्याच्याकडे बघून नाथाला राहवलं नाही. चार दिवस या पोरानं रात्रंदिवस पेले भरले होते, आणि ते सगळे नाथाच्याच पोटात गेले होते. तो हात जोडून पुढे झाला. "सायेब, पिनारा मी. त्यातली सगळी हकिगत माझी हाय. दादाला सोडा."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढून नाथाकडे पाहिलं. मग ते विद्यार्थ्यांकडे वळले. "पिणारा काय म्हणतो?"

"पीत नाही म्हणतो," चौघं एका सुरात म्हणाले.

"आणि हा?"

"पितो म्हणतो."

"म्हणजे हा पीत नाही." त्यांनी नाथाच्या खांद्यावर हात ठेवला. "भावाची अब्रू वाचवायला आळ आपल्या अंगावर घेतोस? असा भाऊ नशिबानं मिळतो." नाथानं परोपरीनं सांगून पाहिलं, पेंढ्यातल्या बाटलीची जागासुद्धा सांगितली, पण त्यानं जितकं सांगावं तितके मोठ्या डॉक्टरांचे डोळे भरून येऊ लागले. लियाकत चौघांत पहिला आला.

ही मंडळी निघताना रहेमानसाहेबांनी महिनाभराचं औषध भरून दिलं. कागदावर नाव सावळीरामांचंच होतं. पण बाटली त्यांनी नाथाच्या हातात दिली आणि दर महिन्याला दोघांनी यायचं असं बजावलं.

माघ आला. वाटणीचं नाव निघालं नाही. रोज सकाळी सावळीराम ओट्यावर बसून बाटलीतलं औषध मापून ओतायचे आणि नाथा ते समोर उभा राहून घ्यायचा.

एका संध्याकाळी वाडीतले तिघं जण ओट्यापाशी येऊन घुटमळले. केरू, मंगळू आणि केरूचा मेहुणा. तिघंही नाथाचे जुने सोबती, आणि तिघांचेही हात कापत होते. दवाखान्यातली बातमी गाडीच्या आधी वाडीत पोचली होती.

"दादा," केरू खाली बघत म्हणाला, "तुमी एवडं पीत व्हता, आन आमाला पत्ता नाय. तुमची सुटली म्हन्त्यात. आमची सुटंल का?"

सावळीरामांचा चेहरा लालबुंद झाला. ते उठले. जन्मात बोट लावलं नाय, हे शब्द त्यांच्या ओठावर आलेले दारातून कुसाबाईला दिसले. तिघं वळून निघायच्या बेतात होते.

सावळीराम पुन्हा खाली बसले.

"बसा," ते म्हणाले. "मी लय प्यायचो."