फक्त पाहण्याचा अधिकार

शनिवारी सकाळी कोंडाजी ओट्यावर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होता. शेजारी चहा निवून गेला होता.

"गोदू, गेला गं परत!"

"कोन गेलं?" त्याची बायको गोदू हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावली. लग्नघरात कोणी गेलं म्हटलं की भलतंच मनात येतं.

"जिताडा! काल सांजच्याला लिवला. आता बघतोय तर बोंबील!"

हा जिताडा तळ्यातला नव्हे, मोबाइलमधला. तळ्यातले सगळे सुखरूप होते. कोंडाजीची लेक क्रांती बेलापूरच्या एका कंपनीत होती. तिथे म्हणे माणसं एकमेकांशी न बोलता मिळून एक काम करतात आणि कोणी काय केलं ते सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. क्रांतीने स्वतःचं लग्नही त्यातच घातलं. मांडवाचं एक पेज, हळदीचं एक, बँजोचं एक, जेवणाचं एक. ज्याला जे सुचेल ते त्याने पेजवर लिहावं, सगळ्यांना दिसेल, फोनवरचा काथ्याकूट वाचेल, असा तिचा हिशेब. दोन्ही घरच्या सगळ्यांना तिने बदल करण्याचा अधिकार देऊन टाकला. लग्नात सगळ्यांना अधिकार द्यायचा नसतो, नुसता दिल्यासारखं दाखवायचं असतं, हे त्या शिकलेल्या पोरीला कोणी शिकवलं नव्हतं.

जेवणाच्या पेजवर कोंडाजीची एकच ओळ होती. 'व्याह्यांच्या पंगतीला जिताडा, घरच्या तळ्यातला.' अलिबागकडच्या खारेपाटात जिताड्याला नुसता मासा म्हणत नाहीत. साहेबाकडे काम अडलं की जिताडा, जावई पहिल्यांदा आला की जिताडा. व्याह्याला जिताडा वाढला नाही तर ते लग्न गाव हिशेबात धरत नाही. क्रांती कॉलेजात होती तेव्हापासून कोंडाजीने तळ्यातले सगळ्यात मोठे जिताडे तिच्या लग्नासाठी राखले होते. आणि कोणीतरी रोज ती ओळ खोडून तिथे 'बोंबील' लिहून ठेवत होतं.

"ही विहीणबाईंची करनी," कोंडाजी म्हणाला.

"काय तरीच. किती गोड बाई हाय."

"तीच तर भानगड. किहीमची मानसं ती. मुंबईच्या पावन्यांना कॉटेज देऊन देऊन गोड बोलायला शिकल्यात. तोंडावर 'या दादा, बसा दादा', आनि मागनं जिताडा खोडायचा. उद्या गावभर सांगतील, कोंडाजीनं बोंबलावर भागवलं."

कोंडाजीचा संशय कोणाला नवा नव्हता. वजनकाट्यावर त्याचा विश्वास नव्हता, हवामान खात्यावर नव्हता, दाढी करताना न्हाव्यावरसुद्धा नव्हता. पण या वेळी बाप एकटा नव्हता. लेकीलाही संशय होता, फक्त तो बापावरच होता.

कारण कोणी काय बदललं हे एकट्या क्रांतीला दिसायचं. आणि तिला दिसत होतं ते भलतंच होतं. जिताडा लिहिणाऱ्याचं नाव दर वेळी 'शकू', म्हणजे तिची होणारी सासू. खोडणाऱ्याचं नाव 'कोंडाजी'. म्हणजे सासू जिताड्यावर टपलेली, आणि बाबा गुपचूप खोडून वर स्वतःच बोंब मारणारे.

तिने राहुलला फोनवर आडून विचारलंही होतं, "तुझ्या घरी जिताडा खूप आवडतो का रे?" होणारा नवरा आधी नुसतंच 'हॅलो, हॅलो' करत राहिला आणि मग म्हणाला, "नेटवर्क जातंय गं." त्यामुळे आता तिला राहुलचाही संशय यायला लागला होता.

"बाबा, खरं सांगा, तुम्ही नाही ना काढत?" सुट्टीला घरी आलेल्या क्रांतीने ओट्यावर येत विचारलं.

"मी? माझा जिताडा मीच काढीन? येडा हाय मी? त्यापेक्षा त्या बाईचा अधिकार काढ. आत्ताच्या आत्ता."

"अहो, त्यांना मेसेज जाईल. लग्नाआधीच इश्यू होईल."

"होऊ दे."

सासूची हाव जरा आटोक्यात येईल, असा एक चोरटा विचार क्रांतीच्याही मनात आला. तिने शकूच्या नावापुढचा 'बदल करू शकतात' काढून 'फक्त पाहू शकतात' केलं आणि राहुलला फोन करून आधीच सावध करायला ती मागच्या अंगणात गेली.

तेवढ्यात कोंडाजीचा मोबाइल वाजला. त्याने एकेक अक्षर लावून वाचलं, "तुमचा... बदल करन्याचा... अधिकार... काढून घेन्यात आला आहे. यापुढे तुमी हे पेज... फक्त पाहू शकता."

गोदूच्या हातातलं पीठ खाली पडलं.

"बघितलंस? उलटा वार केला बाईनं! लेक माझी, तळं माझं, मासा माझा, आनि मी फक्त बघायचं?"

"मंग काय पंगतीत पन बघतच बसायचं आपन?" आता गोदूही पेटली.

"लुगडं बदल. किहीमला चल. आज हिकडं न्हाय तर तिकडं."

क्रांती पुढच्या दारी येईपर्यंत मोटारसायकल वळणापलीकडे गेली होती. तिने स्कूटी काढली.

किहीमला शकूबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. "या दादा, बसा दादा," त्या म्हणाल्या. कोंडाजीने गोदूकडे असं पाहिलं, की बघ, मी काय सांगत होतो.

"बसायचा अधिकार हाय का? का तोबी काढलात?"

"कसला अधिकार, दादा?"

"जेवनाच्या पेजवरचा. आमाला नुसतं बघायला ठेवलंत."

"अगो बाई, मला काय त्यातलं कळतंय? माझा तर चालतोय," असं म्हणत शकूबाईंनी पदरातून मोबाइल काढून दाखवला.

"चालनारच!" कोंडाजी गरजला. "चोराचा मोबाइल चालनारच!"

शकूबाईंचा चेहरा पडला. लग्न मोडतं ते अशाच एखाद्या वाक्याने, हे गोदूला कळत होतं. तिला रडू फुटणार एवढ्यात क्रांती धापा टाकत आली आणि तिने दोघांच्या हातातले मोबाइल काढून घेतले.

दोन्ही अगदी सारखे. साखरपुड्यात मानपानात डावं-उजवं नको म्हणून राहुलने होणाऱ्या सासऱ्यांना आणि आईला एकाच रंगाचे, एकाच कव्हराचे मोबाइल दिले होते. क्रांतीने दोन्हींत ज्याच्या त्याच्या नावाने सॉफ्टवेअर चालू करून ते एकाच ताटात ठेवले होते आणि मग हळदकुंकू लावून वाटले होते. आज शकूबाईंच्या मोबाइलच्या कोपऱ्यात लिहिलं होतं 'कोंडाजी'. आणि कोंडाजीच्या मोबाइलवर 'शकू'.

क्रांतीने दोन्ही मोबाइल मिरच्यांशेजारी ठेवले. "बाबा, अदलाबदल झाली. तुमचा अधिकार मीच काढला. तुम्हीच काढायला लावलात."

कोंडाजी खजील झाला, पण क्षणभरच. संशय एवढ्याने हटत नाही. "ते ऱ्हाऊ दे. मंग जिताडा काढत व्हतं कोन?"

शकूबाई घराच्या दाराकडे बघायला लागल्या. दाराआडून त्यांचे यजमान तुकाराम चपला हातात घेऊन परसात सटकत होते.

"अवो, आता पळून काय उपेग?" शकूबाई म्हणाल्या. "सांगा काय ते."

तुकाराम मान खाली घालून पुढे आला. "व्याही, मीच हिला खोडायला सांगत व्हतो. मला... मला जिताडा आवडत न्हाय."

अलिबाग तालुक्यात हे वाक्य मोठ्याने बोलायला छाती लागते. शकूबाईंनी कुंपणापलीकडे कोणी नाही ना, ते पाहून घेतलं.

"सासुरवाडीत पयल्यांदा वाढला तवा मानापायी गिळला," तुकाराम सांगत होता. "तवापास्नं जाईन तिथं वाढतात. तुमी जीव लावून पाळलेला. नको म्हनलं असतं तर सोयरीक तुटली असती. राहुलला ठावं हाय, पन त्यालाबी गप ऱ्हायला सांगितलं."

गोदूने डोळे मिटून घेतले. मग कोंडाजी व्याह्याच्या अगदी जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "चिखलाचा वास येतो ना?"

"व्हय!"

"मलाबी येतो."

गोदूने डोळे उघडले. "आनि मी दर खेपेला डोक्याचा तुकडा राखून ठेवते तुमच्यासाठी, त्यो?"

"खातो की. मान असतो त्यो."

त्यानंतर चहा झाला, पोहे झाले. दोघे व्याही एकाच खाटेवर मांडीला मांडी लावून बसले. क्रांतीने दोन्ही मोबाइल दुरुस्त केले आणि व्याह्यांच्या पंगतीपुढे 'बोंबील' लिहिलं. गावच्या पंगतीपुढे कोंडाजीने 'जिताडा' लिहायला लावलं. पाळलेले मासे कोणीतरी खायलाच हवे होते.

"आता सगळ्यांना बदलाचा अधिकार परत देते."

"थांब!" दोघे व्याही एकदम ओरडले.

"सगळ्यांचा काढ," कोंडाजी म्हणाला. "बघायचाबी. गावातल्या कोनी ते पेज बघितलं तर आमी दोघं तोंड कुठं दाखवू?"

"राहुलचाबी काढ," तुकाराम म्हणाला. "आतापातुर गप ऱ्हायला तेच लई झालं."

मग ते पेज दोन व्याही सोडून कोणालाच दिसेनासं झालं. लग्नाच्या दिवशी अख्खं गाव मांडवात जिताडा वाखाणत बसलं आणि दोघे व्याही आतल्या खोलीत कडी लावून बोंबील खायला बसले. पण तळलेल्या बोंबलाचा वास कोणाचे अधिकार विचारत नाही. पंगत अर्धी झाली नसेल, तोच दारावर हळूच टकटक झाली. कोंडाजीने संशयाने फटीतून पाहिलं.

बाहेर सरपंच उभे होते, हातात रिकामी ताटली घेऊन. आणि त्यांच्या मागे रांग लागली होती.