भोरड्यांवर लेझर

बद्रीनाथनं गोफण खुंटीला टांगली आणि मोबाईलवरून लेझर मागवला, तिथूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

चकलांब्याच्या शिवारात त्याची ज्वारी हुरड्यात आली होती आणि भोरड्यांचे थवेच्या थवे कणसांवर तुटून पडत होते. त्यात रविवारी लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच हुरडा खायला येणार! त्यांच्यापुढे रिकामी कणसं ठेवली, तर वैष्णवीनं जन्मभर टोमणे ऐकायचे.

लेझर आला. जाड टॉर्चएवढा, सोबत लाल काचेचा चष्मा आणि सूचनांचा कागद. कागद शिवकन्येनं वाचला. (बद्रीनाथचं म्हणणं, बटण असल्यावर वाचायचं कशाला?)

"अहो, हे खेळणं न्हाई. डोळ्यात गेला तर डोळा जातो म्हणं. चमकत्या वस्तूवर मारू नका, उलटून येतो."

"मी चष्मा घालतो की!"

"तुमी घालताल. माझ्या डोळ्याचं काय? म्हशीच्या? ईहिणबाईच्या?"

"म्हशीला बी मागवू एक."

"त्या सीड्या तरी आधी काढा रानातल्या."

पाखरं बुजावीत म्हणून शिवकन्येनं मेव्हण्याच्या लग्नाच्या जुन्या सीड्या दोरीला बांधून पिकावर टांगल्या होत्या. "काढतो," म्हणाला बद्रीनाथ. पण शनिवारी त्यानं लेझरनं लांबूनच काळा फुगा फट्‌कन फोडला आणि मग त्याचे पाय काही जमिनीला लागेनात. सीड्या राहिल्या.

रविवारी दिवस कलताना व्याही मोहनराव आणि विहीण केशरबाई बांधावर घोंगडीवर बसले. आगटीत कणसं भाजत होती, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ मांडलेला. तेवढ्यात भोरड्या आल्या, काळ्या ढगासारख्या!

"पाव्हणं, आता बघा मजा!" बद्रीनाथनं लाल चष्मा चढवला आणि बटण दाबलं.

हिरवी रेघ सर्रकन गेली ती थेट मेव्हण्याच्या लग्नावर. वाऱ्यानं सीडी गरकन फिरली आणि रेघ उलटली. हिरवा ठिपका बांधावरून पळाला, दह्याच्या वाडग्यावर चढला, तिथून मोहनरावांच्या छातीवर.

"अरे बापरे! नेम धरला का काय माझ्यावर?" मोहनराव हात वर करून उभे राहिले.

"डोळे मिटा! समदे डोळे मिटा!" शिवकन्या ओरडली आणि तिनं पदरानं केशरबाईंचं तोंडच झाकून टाकलं. "अहो, बंद करा ते!"

बद्रीनाथ गोंधळला. लाल चष्म्यातून त्याला हिरवं काहीच दिसत नव्हतं, म्हणून त्याला वाटलं, झाला बंद. घाईघाईनं त्यानं लेझर काळ्या लोकरी बंडीच्या खिशात कोंबला. चालूच.

"कायतरी जळायलंय," पदराआडून केशरबाई म्हणाल्या.

"कणसं असतील," बद्रीनाथ म्हणाला.

"न्हाई हो, केसं जळाल्यासारखा वास यायलाय."

मग बरगडीला असा चटका बसला की बद्रीनाथनं जागच्या जागी उडीच मारली. खिशातून धूर! "आयो! मेलो!" करत तो ज्वारीत घुसला. इकडून तिकडं, तिकडून इकडं, दोन्ही हात हवेत! शेवटी कशीबशी बंडी अंगातून निघाली. शिवकन्येनं धावत जाऊन घागर तिच्यावर उपडी केली, लेझर विझवला, त्याची बॅटरी काढली आणि कमरेला खोचली.

मग मोहनरावांनी हळूच एक डोळा उघडला.

"ईहिणबाई, दिसायलंय का?" शिवकन्येनं केशरबाईंना विचारलं.

"लख्ख दिसायलंय," पदर सारत केशरबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळं वाचले माझे डोळे, शिवकन्याबाई. वैष्णवी कुणावर गेलीय ते आज कळलं."

शिवकन्येच्या जिवात जीव आला. बद्रीनाथ उघडाबंब, हातभर जीभ बाहेर काढून उभा होता. पण रानात एक भोरडी म्हणून शिल्लक नव्हती. मोहनरावांनी कणीस चोळता चोळता रिकाम्या आभाळाकडं बघितलं, मग बद्रीनाथकडं.

"मघापासून इच्यार करत होतो," ते म्हणाले, "यवढ्या मोठ्या रानात तुमी बुजगावणं का म्हून उभं केलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शिवकन्येनं नवऱ्याला ज्वारीच्या मधोमध नेलं. "हात जरा पसरून उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "चहा हितंच आणून देते."