जोडीदार क्रमांक दोन

भूगोलाच्या निवृत्त शिक्षकांचे डोळे पिवळे दिसू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना कावीळ बी आणि सी तपासून यायला सांगितले. या काविळी रक्तातून पसरतात, तशा शरीरसंबंधातूनही पसरू शकतात. त्यामुळे त्यांची तपासणी गुप्तरोगांच्याच प्रयोगशाळेत, त्याच खिडकीवर आणि त्याच अर्जावर होते. सर पत्नीला घेऊन सकाळी साडेनऊला त्या खिडकीपाशी उभे राहिले.

खिडकीतल्या बाईंनी वय, वजन आणि पत्ता संगणकात भरला. मग त्यांची बोटे थांबली.

"जोडीदार क्रमांक दोन रिकामा आहे."

"कारण दुसरं कुणी नाही," सर म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात. संगणक पुढे जात नाही."

"अहो, छत्तीस वर्षं एकच बायको आहे मला!"

"छान आहे. पण त्याला रकाना नाही."

संगणकाचे म्हणणे तर्काला धरून होते. ज्याला एकच जोडीदार आहे, त्याला या तपासणीची गरज नाही. आणि ज्याला गरज आहे, त्याचे एकावर भागलेले नाही. सरांना गरज असल्याचे तर डॉक्टरांनी सहीशिक्क्यानिशी लिहून दिले होते.

मागे रांग वाढत होती. "घाला हो कुणाचंतरी," पत्नी हळूच म्हणाल्या. "मी काही विचारणार नाही. पाय दुखायला लागले माझे."

सरांनी आयुष्यात नकाशात नसलेली नदी कधी काढली नव्हती. बऱ्याच विचारांती ते म्हणाले, "अज्ञात."

"अज्ञात चालेल. पत्ता?"

"अज्ञाताला पत्ता कुठला, बाई?"

"मग तुमच्याच इमारतीचा टाकते. घर नंबर नको, गोपनीयता असते."

अर्ज मंजूर झाला. जोडीदाराला वेगळा अर्ज लागत नसल्यामुळे क्रमांक एकचे, म्हणजे पत्नीचे, रक्त तिथल्या तिथे घेण्यात आले. सरांचे मात्र घेतले नाही. सगळे जोडीदार हजर झाल्याशिवाय मूळ अर्जदाराचा नमुना घेता येत नाही. एकदा रक्त दिले की अर्जदार पुन्हा तोंड दाखवत नाही, असा खात्याचा अनुभव होता.

आठवड्याने इमारतीत एक पाकीट आले. त्यावर 'अत्यंत गोपनीय' असा शिक्का होता, म्हणून ते इमारतीच्या चिटणिसांनी ताबडतोब फोडले. आत लिहिले होते: 'या इमारतीतील संबंधित व्यक्तीस. आपल्याशी संबंध आलेल्या एका व्यक्तीने आपला उल्लेख केला आहे. आपण कोण, हे आपणांस ठाऊक आहेच. गोपनीयतेमुळे आम्हांस ठाऊक नाही. सात दिवसांत रक्ततपासणीस हजर राहावे.'

संबंधित व्यक्ती कोण हे कळायला मार्ग नसल्याने चिटणिसांनी ते पत्र फलकावर, टाकी धुण्याच्या सूचनेशेजारी लावले.

त्या संध्याकाळी इमारतीत कुणी मोठ्याने बोलले नाही. विशेष म्हणजे 'ही व्यक्ती कोण असेल हो?' असे कुणीच कुणाला विचारले नाही. एरवी जिन्यात कुणाची चप्पल जास्त दिसली तरी चौकशी करणारी ही माणसे!

दुसऱ्या दिवशी सर खुलासा करायला प्रयोगशाळेत गेले, तर बाकांवर बसायला जागा नव्हती. पहिल्या बाकावर चिटणीस होते. "गुडघा," ते न विचारताच म्हणाले. तळमजल्यावरचा शिंपी भिंतीकडे तोंड करून उभा होता. नीतिमूल्यांवर व्याख्याने देणारे चौथ्या मजल्यावरचे वक्ते काळा चष्मा लावून आले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या सासूबाई एका कोपऱ्यात होत्या आणि सूनबाई दुसऱ्या. दोघी एकमेकींना 'बँकेत जाते' सांगून घरून निघाल्या होत्या. नजरानजर झाली, तेव्हा सूनबाईंनी उठून सासूबाईंना पंख्याखालची जागा दिली.

सात दिवसांत एकेचाळीस जण हजर झाले. त्यांतल्या तिघांना कावीळ बी निघाली, दोघांना सी आणि एकाला सिफिलिस. या सहांपैकी कुणालाही काहीच त्रास होत नव्हता आणि पत्र आले नसते, तर त्यांनी आयुष्यात ती पायरी चढली नसती. सगळ्यांना वेळेवर औषध मिळाले. कोण ते सहा, हे मात्र अजून कुणाला ठाऊक नाही. तेवढी एक गोष्ट प्रयोगशाळेने खरोखर गोपनीय ठेवली.

एकेचाळीसच्या एकेचाळीस जणांची नोंद सरांचे जोडीदार क्रमांक दोन अशी झाली. आठव्या दिवशी सर पत्नीला घेऊन पुन्हा गेले, तेव्हा खिडकीतल्या बाई उठून उभ्या राहिल्या आणि सरांना आदराने म्हणाल्या, "तुमची फाईल आता वरच्या कार्यालयात जाईल. अर्जात रकाने दोनच आहेत. पुरवणी रकाने मंजूर होईपर्यंत थांबावं लागेल."

"एकेचाळीस?" पत्नीने सरांकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. "आणि घरात पाण्याची बादली उचला म्हटलं की यांची कंबर धरते!"

सरांना हसता आले नाही. अन्नाचा वास नकोसा झाला होता, दोन जिने चढायला तीनदा टेकावे लागत होते आणि अहवालाशिवाय डॉक्टर औषध देत नव्हते. पुरवणी रकाने महिनाभरात आले नाहीत. तेव्हा एका सकाळी पत्नी पर्स घेऊन उठल्या आणि सरांना हाताला धरून थेट त्या खिडकीपाशी गेल्या.

"माझा अर्ज भरा. जोडीदार क्रमांक एक, हे. हजर आहेत, रक्त घ्या."

"आणि क्रमांक दोन?"

"अज्ञात," पत्नी म्हणाल्या. "पत्ता तोच."

हे उत्तर त्यांनी एका क्षणात दिले. सरांना ते जरा लागले, पण तोवर सुई टोचली गेली होती. अहवालात कावीळ बी निघाली, औषध सुरू झाले आणि दोन महिन्यांत सर न टेकता जिना चढू लागले. पत्नीचे पहिले रक्त स्वच्छ निघाले होते. त्यांना लस दिली.

इमारतीत अर्थातच दुसरे पत्र आले. या खेपेला बावन्न जण हजर झाले. आधीचे एकेचाळीस होतेच. उरलेले अकरा पहिल्या वेळी, 'आपलं नसणार,' म्हणून घरी बसले होते.

वरच्या कार्यालयाने या यशाची दखल घेतली. एवढी माणसे आजवर कुठल्याही शिबिराला, व्याख्यानाला किंवा जाहिरातीला फिरकली नव्हती. आता तेच पत्र, त्याच मजकुराचे, प्रत्येक इमारतीला पाठवायचे ठरले आहे. कुणी कुणाचा उल्लेख केला, हा प्रश्न अनावश्यक म्हणून वगळला आहे.

तुमच्या इमारतीत ते अजून लागले नसेल. लागेल तेव्हा तुम्ही ते सहज, जाता जाता, दुसऱ्या कुणासाठी तरी असणार म्हणून वाचाल. वाचून झाल्यावर आजूबाजूला पाहाल. मग सात दिवस कधी संपतात, ते मनातल्या मनात मोजाल आणि घरी सांगाल, 'जरा बँकेत जाऊन येतो.'