चारच्या गाडीने येणारा दादा

हरेशच्या पत्राला कमळाकररावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र रीतसर पोस्टाने आलं होतं, आणि पाठवणारा पलीकडच्याच खोलीत राहत होता.

हरेश त्यांचा धाकटा भाऊ. वय चाळीस. त्याला जन्मापासून डाऊन सिंड्रोम. आईवडील गेल्यापासून पनवेलच्या त्या दोन खोल्यांत दोघे भाऊच राहायचे. हरेश बाजारात महादेवशेठच्या प्लास्टिकच्या दुकानात कामाला होता. बादल्यांचे मनोरे रचावेत तर त्यानेच, आणि गिऱ्हाइकांशी गप्पा माराव्यात त्याही त्यानेच. कमळाकरराव निवृत्त ग्रंथपाल. अवघड प्रश्न आला की ते "विचार करून सांगतो" म्हणत, आणि प्रश्न कंटाळून निघून जायची वाट बघत. हरेशला ही चाल पाठ होती. म्हणून त्याने पोस्टकार्ड लिहून पेटीत टाकलं होतं.

'दादा, भाऊबीजेला मी मनीताईकडे एकटा जाणार. तू चारच्या गाडीने ये. ओवाळणी माझी मी घालणार. दर वर्षी माझी पण तूच घालतोस. मग ती माझी कशी? उत्तर पाठव. तुझा हरेश.'

कमळाकररावांनी कार्ड वाचलं, खूण म्हणून एका पुस्तकात ठेवलं, आणि मग ते पुस्तकच उघडायचं बंद केलं.

भाऊबीज काही त्यासाठी थांबली नाही. दुपारी जेवण आटोपून, नवा शर्ट घालून हरेश दारात उभा राहिला. हातात भलामोठा हिरवा प्लास्टिकचा टब. पगारातून घेतलेला.

"दादा, उत्तर आलं नाही."

"दिवाळीत पोस्टाला सुट्टी असते रे."

"तू घरातच होतास. तोंडाने सांगायचं."

"मी विचार करून..."

"बरं, कर तू विचार. मी निघालो. चारच्या गाडीने ये हं. आधी नाही."

दार लागलं आणि कमळाकररावांच्या डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. बहिणीच्या गव्हाणऐवजी पोरगं थेट उरणला गेलं तर? टब घेऊन गाडीत चढूच दिलं नाही तर? मनिषाने विचारलं, "दादा, तू सोडलंसच कसं?" तर? शेवटी त्यांनी स्वतःशीच तोडगा काढला. बरोबर जायचं नाही, नुसतं मागून जायचं. ओळखू येऊ नये म्हणून त्यांनी माकडटोपी चढवली, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा लावला आणि वर मास्क घातला. आरशात पाहिलं तर त्यांची त्यांनाच भीती वाटली.

उरणच्या एसटीत ते हरेशच्या मागच्याच बाकावर बसले. हरेशने टब शेजारच्या सीटवर ठेवला होता आणि एव्हाना गाडीत सगळ्यांशी त्याची ओळख झाली होती.

"टब कोनाला रं पोरा?" पलीकडच्या गंगाबाईंनी विचारलं. गव्हाणच्याच होत्या, पैठणी नेसून भावाकडून परत निघालेल्या.

"ताईला. माझ्या पैशांचा आहे."

"गो बाय! माजा भाव बघ, रुमाल दिलान मला! माजी पिशवी ठेवू का यात? करंज्या हायेत, चेंगरतील."

"ठेवा ना. जागा आहे."

मग काय, कोणाचे चिवड्याचे डबे, कोणाच्या पर्सा, कोणाची साडी, सगळं त्या टबात जाऊन बसलं. मागे कमळाकररावांचा जीव खालीवर होत होता. एवढी जोखीम! काही हरवलं म्हणजे?

तेवढ्यात ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. टब सरकला. कमळाकरराव झेपावले आणि त्यांनी तो धरला. म्हणजे धरायला गेले. हात गेला थेट आत, आणि मुठीत आली गंगाबाईंची पिशवी.

"चोर! चोर! माज्या पिशवीला हात घातलान मेल्यानं!"

"अहो, मी टब सावरत..."

"पनवेलपासनं बघतंय मी! या पोराच्या मानेवर नजर ठेवून बसलाय! टोपी बघा, गॉगल बघा!"

कंडक्टरबाई गर्दीतून वाट काढत आल्या. "काका, टोपी काढा."

"सर्दी आहे मला."

"एवढ्या उकाड्यात? चेहरा दाखवा."

चेहरा दाखवला की हरेशला कळणार, आणि चोर म्हणवून घेण्यापेक्षा कमळाकररावांना त्याचीच धास्ती जास्त होती. ते मास्क दोन्ही हातांनी दाबून बसले. त्यामुळे ते चोरच, याबद्दल कोणाला शंका उरली नाही.

"दादा, तुम्ही ओळखता का यांना?" कंडक्टरबाईंनी हरेशला विचारलं.

हरेशने वळून नीट पाहिलं. टोपीपासून खाली, चपलांपर्यंत. त्या चपलांचा अंगठा त्यानेच परवा शिवून आणला होता.

"नाही," तो शांतपणे म्हणाला. "माझा दादा घरी आहे. तो चारच्या गाडीने येणार. पण यांना मारू नका. म्हातारे आहेत."

घंटी वाजली. मधल्याच एका फाट्यावर कमळाकररावांना उतरवण्यात आलं. खिडकीतून हरेशचा आवाज आला, "काका, सावलीत उभे राहा!" आणि गाडी निघून गेली.

दुसरी गाडी आली ती खरोखरच चारची.

मनिषाच्या दारात हरेशच सामोरा आला. "ये दादा. वेळेवर आलास." मग हळूच, "टोपी पिशवीत घाल. ताई विचारेल."

कमळाकररावांना बसायलाही सुचेना. आत हरेशला ओवाळून झालं होतं. टब ताटात मावेना, म्हणून मनिषाने ताटच टबात ठेवलं होतं. ती आनंदाने नुसती घरभर फिरत होती.

"दादा, एकटा आला रे हा! बरोबर उतरला, बरोबर चालत आला. तू गुपचूप मागेमागे नाही ना आलास?"

कमळाकरराव विचार करू लागले.

"नाही गं ताई," हरेश म्हणाला. "दादा घरीच होता. वाचत होता."

सगळं असं मार्गी लागलं असताना दारात गंगाबाई उभ्या राहिल्या. "माजी करंज्यांची पिशवी टबात रायली गो! टबवाल्या पोराचं घर विचारत आले." त्यांचं लक्ष कमळाकररावांकडे गेलं. "ह्ये कोन?"

"माझा दादा. चारच्या गाडीने आला," हरेश घाईने म्हणाला.

"मंग तुमालाच सांगते, दादा! असं पोराला एकटं पाठवतात व्हय? एक चोरटा लागला व्हता याच्या मागं! टोपीवाला! आमी होतो म्हनून वाचला!"

मनिषा लगबगीने पुढे आली. "चोर? हरेश, बोलला नाहीस तू! नाही बाबा. पुढच्या वर्षीपासून दादाबरोबरच यायचं. एकटं कुठेच नाही. दुकानातसुद्धा दादा सोडायला येईल."

"ताई, पण तो चोर नव्हता."

"तुला काय कळतंय!"

हरेशने दादाकडे पाहिलंही नाही. टबाच्या कडेवरून तो बोट फिरवत राहिला. आणि कमळाकररावांना दिसलं, की आपण आणखी थोडा वेळ नुसता विचार केला तर आपली अब्रू शाबूत राहील, आणि या माणसाचं एकट्याने फिरणं आजच संपेल.

त्यांनी आपल्या पिशवीतून माकडटोपी काढली आणि घातली. चष्मा लावला. मास्क चढवला.

"ह्योच!" गंगाबाई किंचाळल्या. "ह्योच तो मेला! घरात घुसला गो!" आणि त्यांनी टबातली करंज्यांची पिशवी उचलून उगारली.

"मीच तो," मास्कच्या आतून कमळाकरराव म्हणाले. "चोर नाही. भाऊ आहे. त्याचं काहीच चुकलं नाही, मनिषा. गाडीतून उतरवलं ते मला. तो नीट पोचला."

मनिषा हसायला लागली ती थांबेचना. गंगाबाईंनी पिशवी खाली घेतली, कमळाकररावांना नखशिखांत न्याहाळलं आणि एक करंजी त्यांच्या हातावर ठेवली. "भाव असा असतो व्हय? चोराहून वाईट!"

हरेश मात्र रागावला होता. "एवढं सांभाळून घेतलं मी तुला. सगळ्यांना सांगून टाकलंस."

"चुकलं माझं."

"आता मी इथेच राहणार रविवारपर्यंत. आणि येताना एकटा येणार. पत्राचं उत्तर मात्र पाठव. तोंडी नको. तोंडी तू विचार करतोस."

दुसऱ्या दिवशी कमळाकरराव पनवेलच्या पोस्टात गेले. कार्ड घेतलं, कोपऱ्यातल्या टेबलाशी उभे राहिले, आणि पहिलं कार्ड 'विचार करता असे वाटते की' इथवर येऊन वाया गेल्यावर त्यांनी दुसरं घेतलं.

'चि. हरेश, तुझे पत्र मिळाले. हो. रविवारी एकटाच ये. मी मागे येणार नाही. स्टँडवर न्यायला आलेले चालेल का, ते कळव. नाही म्हणालास तर घरी चहा ठेवतो. तुझा दादा.'

त्यांनी ते पुन्हा वाचलं. 'चालेल का' खोडावं की काय, असं एकदा वाटलं. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "काका, टाकताय ना?"

"हो," कमळाकरराव म्हणाले, आणि कार्ड पेटीत टाकलं.