सोळा लेखक आणि एक बादली सोयाबीन

ज्ञान अमूल्य आहे, त्यामुळे त्याचा दर आधी विचारून घेतलेला बरा. अंबडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. अंगद यांनी तो विचारला. बढती झाली तर महिन्याला अकरा हजार वाढणार होते, शिवाय सासुरवाडीच्या कार्यात पुढच्या रांगेतली खुर्ची. कमी पडत होते सहा गुण. छापील शोधनिबंधाला आठ मिळतात. म्हणजे दोन गुणांची विज्ञानसेवा वर उरत होती.

जालन्यात टायरच्या दुकानावरच्या खोलीतून एक आंतरराष्ट्रीय नियतकालिक निघतं. (जिना बाहेरून आहे.) दर रास्त: एका लेखकाचे दोन हजार, पुढच्या प्रत्येक नावाला तीनशे, प्रमाणपत्र लॅमिनेशनसह. परीक्षण दोन अज्ञात तज्ज्ञ करतात. ते इतके अज्ञात आहेत की संपादक कल्याणरावांनाही ठाऊक नाहीत.

विषय ठरला: ताकात भिजवलेल्या सोयाबीनची उगवणशक्ती. प्रयोग घरीच झाला. पत्नी शीतलताईंनी तो जवळून पाहिला.

"अवो, बादलीतलं सोयाबीन मी कवाच शेजारच्या म्हशीला घातलं. ही ब्याण्णव टक्के उगवण कुठून आणून राह्यले?"

"म्हशीनं खाल्लं नसतं तर उगवलंच असतं ना?"

या युक्तिवादात पुढे कोणालाच दोष सापडला नाही.

अडचण आली ती लेखकांच्या नावांची. आपल्याकडे लग्नपत्रिकेत एखादं नाव राहिलं, तर तो माणूस पुढे बारशालाही येत नाही. सरांनी तीच काळजी इथे घेतली. प्राचार्य सर्जेराव, संस्थेच्या अध्यक्षांच्या सूनबाई प्रा. साधना (गृहविज्ञान), ग्रंथपाल, क्रीडासंचालक, असं करत यादी वाढली. अध्यक्षांचे नातू 'चि.' लावून शेवटच्या ओळीत येत होते, त्यांना वयामुळे थांबवावं लागलं. इतकी काळजी घेऊनही छापायच्या यादीत प्राचार्यांचं नाव चौथं आलं.

"चौथं? आम्ही काय वाढपी आहोत का, सर?"

नाव वर गेलं. एकूण सोळा झाले. मानाच्या माणसाकडे वर्गणी मागत नसतात, म्हणून साडेसहा हजार अंगद सरांनीच भरले आणि तासाभराने फोन केला.

"संपादकसाहेब, परीक्षण कवा होईल?"

"झालं की सर! तुमचे पैसे पडले, मंग लगेच झालं. बिलकुल टेन्शन घेऊ नका."

निबंध छापून आला. चौकात सोळा फोटोंचा फ्लेक्स लागला. मग बढतीची समिती बसली आणि तिने नियम वाचला: निबंधाचे गुण सर्व लेखकांत समान वाटावेत. आठ गुण, सोळा मानकरी. प्रत्येकी अर्धा.

अंगद सर साडेपाच गुणांनी राहिले. साधना मॅडमना मात्र नेमका अर्धाच कमी पडत होता. पहिला पेढा त्यांना सरांनीच भरवला.

"थँक्यू, सर," त्या म्हणाल्या. "विषय काय होता हो आपला?"

आता हिशेब. सरांचे साडेसहा हजार एकदाच गेले. म्हशीचं फुकटात भागलं. मॅडमचा वाढीव पगार मात्र निवृत्तीपर्यंत सरकारी तिजोरीतून निघणार, आणि तिजोरी काडीपेटीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीवर आपण भरतो. निबंध वाचला नाही म्हणता? हरकत नाही. त्याच भरवशावर तो छापला होता.